कोचने घरी आणलेलं सामान

लोक घरात जिम करायचं ठरवायचे आणि मग घाबरून माझ्या भावाला बोलवायचे. दादा एका मोठ्या जिममध्ये कोच होता. आमचा सगळा भाग त्याला कोच म्हणूनच ओळखायचा, आणि दुकानदाराने नको ते गळ्यात मारू नये म्हणून माणसं त्याला खरेदीला सोबत न्यायची. दादा आधी दुकानात जायचाच नाही. आधी त्यांच्या घरी जायचा. खोली बघायचा, हात वर करून छताचा अंदाज घ्यायचा, फरशीवर टाच आपटायचा, खालच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारायचा. मग त्या माणसाला विचारायचा, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?" बहुतेक जण थापा मारायचे. दादाला त्या कळायच्या आणि तो मग ट्रेडमिलचं नावही काढू द्यायचा नाही. "ट्रेडमिलवर आधी माणूस पळतो आणि नंतर टॉवेल वाळतात," तो म्हणायचा, "टॉवेलच वाळवायचे तर दोरी बांधा की." लोक हसायचे. दुकानदार मनातल्या मनात शिव्या घालत असणार.

मला त्याच्या या जिभेचा वैताग यायचा, कारण ती घरीही तशीच चालायची. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते. लग्न केलं नाही, आईवडिलांनंतर दादा-वहिनीकडेच राहिले. "छोटे, तू उभी राहतेस की टांगलेली असतेस?" हे मी केस पिकायला लागले तरी ऐकत होते. पुढे माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा "तुला सांगत होतो" हे त्याने इतक्यांदा ऐकवलं की मी हॉस्पिटलच्या खाटेवरून त्याला उशी फेकून मारली. तेव्हापासून मला पाण्याची भरलेली बादलीसुद्धा उचलायची मनाई आहे.

वहिनी बालवाडीत शिकवते. अंगाने काडी. दोघं शेजारी उभे राहिले की कपाटाला झाडू टेकवून ठेवल्यासारखं दिसायचं. अख्ख्या भागाला व्यायामाला लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोकडून एक साधी बैठक काढून घेता आली नव्हती. "दिवसभर पोरं उचलते, तेवढं पुरे," असं म्हणून ती विषय संपवायची. दादाने तिचा नाद सोडून दिला होता.

सुरुवात बरणीच्या झाकणापासून झाली. दादाला ते उघडेना. वहिनीने त्याच्या हातातून बरणी घेतली आणि झाकण फिरवलं. आम्ही तिघंही हसलो. मग जिममध्ये त्याच्या हातातून वजनाची प्लेट निसटली आणि अंगठ्यावर पडली. मग डाव्या हाताच्या अंगठ्याजवळचं मांस बसलं, तिथे खड्डा दिसायला लागला. चालताना एक पाऊल घसटायला लागलं, तेव्हा वहिनीने त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं.

तपासण्यांवर तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्या आहेत. आधी हात-पाय, मग गळा, मग श्वास. औषधाने वेग थोडा कमी होईल, आजार थांबणार नाही. आणि मग त्या म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. दमेपर्यंत काहीही करायचं नाही. वजन उचलून हे स्नायू परत येणार नाहीत, उलट लवकर जातील."

दादाने सगळं ऐकून घेतलं, हे शेवटचं सोडून. मी त्याला दोष देत नाही, म्हणजे आता देत नाही. तेव्हा खूप दिला. ज्या माणसाने जन्मभर पोरांना सांगितलं की दमल्यावर जो सेट मारतो त्याचंच अंग बनतं, त्याला कुणी उलटं सांगितलं तर ते कानात शिरणार कसं? त्याच्या डोळ्यांना अशक्त स्नायू म्हणजे कामचुकार स्नायू. दुसरा कुणी असता तर गप घरी बसला असता. हा कोच होता. हा वजन वाढवायला निघाला.

जिममध्ये मात्र त्याला ते करायचं नव्हतं. तिथे त्याचीच पोरं, त्यांच्यासमोर हात थरथरलेला कसा चालेल? "घरीच सेटअप करतो," त्याने जाहीर केलं आणि आम्हाला दोघींना घेऊन दुकानात गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी निवडणारा माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी निवडत होता आणि स्वतःचे सगळे नियम पायदळी तुडवत होता. खोली मोजली नाही. खालच्या मजल्याचा विचार केला नाही. दुकानातला सगळ्यात लांब बेंच, सगळ्यात जाड रॉड, आणि कुणाला तरी दाखवायचं असावं तशी प्लेटांची चळत. मी भर दुकानात म्हटलं, "दादा, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात एक तरी सेट मारलाय का?"

दुकानदार खो खो हसला. मला त्या दोघांच्याही थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली.

मागच्या खोलीत वहिनीचा शाळेचा पसारा असायचा, रंगीत कागद, गोंद, कापसाचे ससे. तो सगळा पलंगाखाली गेला. बेंच इतका लांब निघाला की खोलीचं दार पूर्ण उघडेना. आम्हाला आडवं होऊन आत शिरावं लागायचं. दुसऱ्या कुणी असलं काम केलं असतं तर दादाने त्याची बिनपाण्याने केली असती.

आणि रोज सकाळी तो त्या बेंचवर झोपायचा. डोक्याशी वहिनी उभी राहायची, सपोर्टला. सपोर्ट म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. रॉड छातीवर अडकू नये म्हणून एक जण डोक्याशी उभा राहतो आणि रॉडखाली बोटं धरतो. पण खरी मेख वेगळी असते. सपोर्टवाला रॉड उचलत असतो आणि तोंडाने ओरडत असतो, "मी धरलेलंच नाही, तूच मारतोयस!" सगळ्या जिममध्ये हे चालतं. पोराचा जोर टिकावा म्हणून कोच बिनदिक्कत खोटं बोलतो, आणि पोरगं खूश होऊन पुढच्या सेटला तयार होतं. दादा हे खोटं हजारदा बोलला असेल. वहिनीला ते त्यानेच शिकवलं, की सपोर्टवाल्याने ओरडत राहायचं असतं.

वहिनी ओरडायची. "तुम्हीच उचलताय! माझी बोटं नुसती लागलीत!" तिच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या असायच्या. मी दाराच्या फटीतून बघायचे आणि मला कळायचं की दर आठवड्याला तिच्याकडे जास्त वजन येतंय आणि त्याच्याकडे कमी उरतंय. मी एकदा तिला म्हटलं, "हे कुठवर चालवणार?" ती म्हणाली, "त्यांच्या तोंडावर हसू येतं ना, तोवर."

एका सकाळी दादाचा डावा हात रॉडवरून सुटला आणि खाली लोंबला. उजवाही सुटला. आणि रॉड वरच जात राहिला, कारण डोळे मिटून, दात आवळून, "तुम्हीच मारताय, तुम्हीच!" असं ओरडत वहिनी तो उचलत होती. दादा खाली पडून तिच्याकडे बघत होता. तिने रॉड स्टँडवर ठेवला, डोळे उघडले आणि त्याचे दोन्ही हात खाली बघितले. दादा पुढे कितीतरी दिवस त्या खोलीत गेला नाही.

त्यानंतर तो बाथरूममध्ये पडला. मी दुकानात होते. वहिनीने त्याच्या काखेत हात घातले, कंबर धरली, सगळं करून पाहिलं. तो तसूभर हलेना. ओल्या फरशीवर ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि शेवटी तिने शेजारच्यांना हाक मारली. तिघं आले. त्यातला एक दादाचाच जुना चेला, दादाने हाडकुळ्याचा पैलवान केलेला. दादाच्या अंगावर कपडे नव्हते. वहिनीने टॉवेल टाकला, पण उचलताना तो घसरला. त्या पोराने मान फिरवून घेतली. दादा नंतर मला म्हणाला, "त्याने मान फिरवली नसती तर बरं झालं असतं. मी मेलोय असं वाटलं मला."

तोवर तो अधूनमधून मरणाबद्दल बोलायचा; त्या दिवसापासून ती सगळी बडबड बंद झाली. त्याला एकच गोष्ट छळायला लागली. पुढे आपल्याला रोज कुणीतरी उचलणार, खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात. ते कोण? मी निकामी. "मदतीला माणूस ठेवू," मी म्हटलं. तो म्हणाला, "खायला घालायला ठेव, कपडे धुवायला ठेव. मला परक्याचा हात लावून घ्यायचा नाही." मी चिडून म्हटलं, "मग काय करशील? तरंगशील?"

मग एक दिवस त्याने बेंच, रॉड, प्लेटा सगळं जिमला देऊन टाकलं. आणि आम्ही परत त्याच दुकानात गेलो, या वेळी व्हीलचेअरवरून. आता मात्र तो जुना कोच झाला होता. घरून निघण्याआधी त्याने मला मागच्या खोलीची लांबी-रुंदी मोजायला लावली होती. खाटेची उंची, कमोडची उंची, दाराची रुंदी, सगळं. दुकानात त्याने वहिनीला एकेक गोष्ट हातात घ्यायला लावली. केटलबेल, म्हणजे मूठ असलेला लोखंडी गोळा. "ही नको, हिची मूठ तुझ्या हाताला जाड होते." रबरी मॅट. "घसरतेस का बघ." लाकडी ठोकळा, बरोबर खाटेच्या उंचीचा. आणि सगळ्यात शेवटी जाड कापडाचं एक पोतं, वाळू भरायचं, ज्याला धड मूठ नाही की आकार नाही.

दुकानदाराने विचारलं, "मॅडमना वजन कमी करायचंय का?"

"वजन उचलायचंय," दादा म्हणाला.

माझा संताप झाला. स्वतःला जमत नाही म्हणून आता हा बायकोवर कोचगिरी करणार, असं मला वाटलं, आणि मी ते तिथेच बोलून टाकलं. "तिला दिवसभर शाळा आहे, घर आहे, तू आहेस. वर आता पोतीही उचलायला लावणार तिला? हमाल आहे का ती?"

दादाने खुर्चीतून वर बघितलं. त्याचे शब्द तेव्हा थोडे जड यायला लागले होते. "छोटे, पोतं म्हणजे मी," तो म्हणाला. मग वहिनीकडे वळून, "रॉड तूच उचलत होतीस ना? म्हणजे जोर आहे. नुसती पद्धत शिकायचीय. शिकशील?"

वहिनी त्या रिकाम्या पोत्याकडे बघत राहिली. मग तिने ते घडी करून काखेत मारलं.

पुढचे महिने मागच्या खोलीत जे चाललं त्याला मी प्रेम म्हणावं की छळ, मला अजून कळत नाही. दादाने पोत्यात आधी थोडीच वाळू भरायला लावली, वहिनी हसेल इतकी थोडी. ते ठोकळ्यावर बसवायचं. समोर पाय फाकवून उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, पोत्याला मिठी मारायची, आणि कमरेने नाही, पायांनी उठायचं. मग पायांवर वळून पोतं खुर्चीत ठेवायचं. अलगद. धपकन ठेवलं की दादा कडाडायचा, "लागलं मला!" पोतं बोलतंय असं वाटायचं. वहिनी घामाने निथळायची. "लग्न झाल्यापासून तुम्हाला इतक्या मिठ्या मारल्या नसतील," ती म्हणायची, आणि दादा म्हणायचा, "पाठ वाकली. परत."

त्याने तिला जराही सूट दिली नाही. ती रडली की तो थांबायचा, रडून झालं की म्हणायचा, "पुढचा." वाळू वाढत गेली. काडीसारख्या वहिनीच्या दंडांवर गोटे दिसायला लागले. शाळेतली पोरं तिला लोंबकळायची म्हणे.

पण दादाची खुर्ची मला दर महिन्याला सैल दिसायला लागली. स्नायू जात होते हे खरंच, पण एवढं? एकदा मी दुकानातून लवकर घरी आले तर तो अर्धं जेवण पिशवीत सारत होता, अजून चालणाऱ्या दोन बोटांनी, मोठ्या कष्टाने. मी पिशवी ओढून घेतली. "हे काय चाललंय?"

"ती पोत्याने वर येतेय," तो म्हणाला, "मी खाली येतोय. मध्ये कुठेतरी गाठ पडेल. लवकर पडलेली बरी."

मी आरडाओरडा केला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की या आजारात वजन घटू देऊ नका, जितकं अंगावर आहे तितके दिवस आहेत. हा माणूस स्वतःचे दिवस पिशवीत भरून कचऱ्यात टाकत होता, बायकोची कंबर वाचावी म्हणून. वहिनी शाळेतून आल्यावर मी ती पिशवी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती मागच्या खोलीत गेली, वाळूची गोणी फोडली आणि पोत्यात वाळू ओतायला लागली. दादा ओरडला, "अगं, एकदम नको! कंबर मोडेल!" ती ओततच राहिली. पोतं टम्म फुगलं. बाथरूममध्ये पडला तेव्हा दादाचं जेवढं वजन होतं, तेवढं तिने भरलं.

"हे मी उचललं की तुम्ही पोटभर जेवायचं," ती म्हणाली. "माझ्यासमोर बसून."

त्या दिवशी ते हललंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी रोज त्याला मिठी मारायची, रोज हरायची, आणि रोज दादाला स्वतःच्या हाताने भरवायची. आता तो नाही म्हणू शकत नव्हता. मीही शेजारी बसायचे, पहारेकऱ्यासारखी. आणि एका रविवारी ते पोतं ठोकळ्यावरून सुटलं, वर आलं, वहिनीबरोबर वळलं आणि खुर्चीत बसलं. अलगद. दादा रडला. मी रडले. वहिनी म्हणाली, "आता जेवा."

तो जेवायला लागला, अगदी मनापासून. मागून घेऊन जेवायचा. आम्हाला वाटलं, आता थोडं अंग भरेल. पण आजाराला आमच्या पैजेची काय पडलेली? काही आठवड्यांत त्याला घास गिळताना ठसका लागायला लागला. मग पातळ केलेलंही नाकातून यायचं. खायची इच्छा होती तेव्हा गळा गेला. पोटात नळी घालायचं ठरलं, ते त्याच्या छातीतल्या कफामुळे लांबत गेलं, आणि तेवढ्यात त्याचं उरलंसुरलं अंग वाहून गेलं.

तोपर्यंत तो वहिनीच्या खांद्यावर भार टाकून, पाय घसटत, कसाबसा उभा राहू शकत होता. हट्टाने राहायचा. ज्या सकाळी पाय अजिबात उभे राहिनात, त्या सकाळी त्याने वहिनीकडे बघितलं आणि मान हलवली. आज.

तिने त्याला खाटेच्या कडेला बसवलं. त्याच्या कमरेला त्याचा जुना चामड्याचा वजन उचलायचा पट्टा आवळला, धरायला. त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. पाय फाकवले, गुडघे वाकवले, त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरले. पाठ ताठ. मी खुर्चीचे ब्रेक लावून उभी होते. तिने त्याला मिठी मारली, डोळे मिटले, आणि त्या भरल्या पोत्याला लावायची तो सगळा जोर लावून उठली.

दादा इतक्या झटकन वर आला की तिचा तोल मागे गेला. दोन पावलं ती धडपडत मागे सरकली आणि पाठ भिंतीला लागून थांबली, त्याला छातीशी घट्ट धरून. त्याचे पाय जमिनीवरून सुटून लोंबत होते. मी धावले, तिने मानेनेच मला थांबवलं. चेहऱ्यावर त्रास काहीच नव्हता. ते बघूनच मला भडभडून आलं.

"अहो," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "तुम्ही कुठे आहात? काही लागतच नाही हाताला."

दादाची वाचा गळ्याबरोबरच गेली होती. ती त्याला खुर्चीत ठेवेना. तशीच त्याला घेऊन खोलीत उभी राहिली, खूप वेळ, आणि दमली नाही.